‘ईश्वरसाक्ष’ म्हणायचं नसेल तर

सिनेमातल्या कोर्टात साक्षीदार उभा राहिला की कापडात गुंडाळलेली गीता पुढे येते आणि तो तिच्यावर हात ठेवतो. खऱ्या कोर्टात गीता नसते, कुराण नसतं, बायबलही नसतं. आपल्याकडे साक्षीदाराच्या शपथेचा कायदा म्हणजे 1969चा शपथ अधिनियम. जेमतेम नऊ कलमं आणि शेवटी चार नमुने. त्यात एकाही ग्रंथाचं नाव नाही. पहिला नमुना साक्षीदाराचा आहे. मराठीत तो साधारण असा: ‘मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो / गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की, मी जे सांगेन ते सत्य असेल, संपूर्ण सत्य असेल आणि सत्याखेरीज काही नसेल.’

मधल्या तिरक्या रेघेकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रेघेच्या डावीकडे देव आहे, उजवीकडे नाही. ‘दृढकथन’ हा शब्द संविधानाच्या मराठी भाषांतरातला. मंत्र्यांच्या शपथविधीत तो ऐकू येतो. कोर्टात आणि वकिलांच्या तोंडी ‘प्रतिज्ञा’ किंवा ‘सत्यप्रतिज्ञा’ चालतं. अर्थ एकच: देवाला मध्ये न घेता दिलेला शब्द.

नास्तिक साक्षीदाराबद्दल दोन समज हटकून भेटतात. एक आस्तिकांचा: देवाची भीती नाही, म्हणजे याला खोटं बोलायला मोकळं रान. दुसरा खुद्द काही नास्तिकांचा: मी देवच मानत नाही, तेव्हा त्या शपथेनं मी बांधला जात नाही. दोन्ही चुकीचे आहेत आणि चूक एकाच ठिकाणी आहे. खरं बोलायचं बंधन शपथेतून येतं असं दोघंही धरून चालतात.

ते तिथून येत नाही. याच अधिनियमाचं आठवं कलम एका वाक्याचं आहे: न्यायालयापुढे किंवा शपथ देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीपुढे जो कुणी साक्ष देतो, तो त्या विषयावर सत्य सांगायला बांधलेला आहे. शपथ घेतलेला माणूस असं ते म्हणत नाही, साक्ष देणारा प्रत्येक माणूस म्हणतं. आता याच्या शेजारी भारतीय न्याय संहितेचं कलम 227 ठेवा (जुन्या दंड संहितेचं 191). खोटी साक्ष कोण देतो? जो शपथेमुळे ‘किंवा कायद्याच्या स्पष्ट तरतुदीमुळे’ सत्य सांगायला बांधलेला असूनही खोटं सांगतो तो. हे ‘किंवा’ फार कामाचं आहे. शपथ पोकळ होती, घाईत झाली, मनातून घेतलीच नव्हती असं कुणी म्हटलं तरी आठवं कलम ही कायद्याची स्पष्ट तरतूद उभीच राहते. शिवाय 1897च्या सामान्य वाक्खंड अधिनियमात ‘शपथ’ या शब्दात प्रतिज्ञा धरलेलीच आहे. म्हणजे प्रतिज्ञेवर खोटं बोललं तर शिक्षा कमी, असला प्रकार नाही. न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष दिली तर न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आस्तिकाला तेवढाच आणि नास्तिकालाही तेवढाच.

इथवर पोहोचायला कायद्याला बराच काळ लागला. जुनी कल्पना सरळ होती: खोटं बोललास तर वरचा बघून घेईल. म्हणून ज्याला ज्याची भीती, त्याची शपथ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला सत्याची, क्षत्रियाला वाहन आणि शस्त्रांची, वैश्याला गाई, धान्य आणि सोन्याची शपथ घालायला सांगितली आहे आणि शूद्राला सगळी पातकं लागतील म्हणून. शपथेतही जातवारी सुटली नाही. मराठी मुलखात बेलभंडार उचलून शब्द दिला जाई, आणि वतनाच्या तंट्यात साक्षीपुराव्यानं निकाल लागेना तर दिव्य होई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हात बांधून ठेवायचा आणि काही दिवसांनी फोड आले का ते पाहायचं. साक्षीदाराच्या मनाशी याचा संबंध नव्हता. निकाल देव देणार, माणसानं फक्त हात पुढे करायचा.

इंग्रजांचा कायदाही फार वेगळा नव्हता. ख्रिस्ती नसलेल्याची साक्ष घ्यायची का, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता आणि तो सुटला हिंदुस्थानाशी जोडलेल्या एका खटल्यात. कलकत्त्याचा व्यापारी ओमीचंद विरुद्ध बार्कर, 1744. कलकत्त्यातल्या हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. इंग्लंडमधल्या लॉर्ड हार्डविक यांच्या न्यायालयानं ती साक्ष ग्राह्य धरली. शपथेचा विधी कुठल्या धर्माचा हे महत्त्वाचं नाही, साक्षीदार शिक्षा करणारा कुठला तरी ईश्वर मानतो एवढं पुरे. हिंदूंसाठी दार उघडलं, पण त्याच वाक्यानं नास्तिकासाठी ते बंद केलं. जो कुठलाच ईश्वर मानत नाही, त्याची साक्षच नाही.

या नियमातली मेख जेरेमी बेंथम आणि पुढे जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश विचारवंतांनी दाखवली. साक्षीदार नास्तिक आहे हे कोर्टाला कळणार कसं? त्यालाच विचारून. तो खरं बोलला की बाद. खोटंच ‘देव मानतो’ म्हणाला की आत. थोडक्यात, नियम प्रामाणिक नास्तिकाला हाकलतो आणि खोटारड्याला पिंजऱ्यात उभा करतो. नुकसान एकट्या साक्षीदाराचं नव्हतं. ज्याच्याकडे चोरी झाली तोच नास्तिक असेल तर चोरावर आरोप सिद्ध व्हायचा कसा? इंग्लंडमध्ये नास्तिकाला कोर्टात प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा 1869 साली मिळाली. पार्लमेंटचं दार त्यानंही उघडलं नाही. उघड नास्तिक असलेले चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 साली नॉर्थहॅम्प्टनमधून निवडून आले आणि त्यांनी प्रतिज्ञा करू द्या म्हटलं. सभागृह नाही म्हणालं. मग ब्रॅडलॉ शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाची शपथ खरी नाही म्हणून सभागृह तीही घेऊ देईना. मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलं तरी त्यांना रीतसर बसायला मिळालं ते 1886मध्ये. दोन वर्षांनी, 1888 साली, प्रतिज्ञेची सर्वसाधारण मुभा देणारा कायदा त्यांनीच मंजूर करून घेतला. हेच ब्रॅडलॉ 1889च्या मुंबई काँग्रेसला आले होते.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली आणि ती वाट मला जास्त रंजक वाटते. गंगाजल आणि कुराणावरच्या शपथा 1840च्या पाचव्या कायद्यानं बंद केल्या आणि हिंदू-मुसलमानांसाठी प्रतिज्ञा आणली. मात्र ती ‘सर्वशक्तिमान ईश्वराच्या समक्ष’ करायची होती. म्हणजे नाव प्रतिज्ञेचं, पण ईश्वर जागच्या जागी. पुढे 1873च्या अधिनियमात साक्षीदार हिंदू किंवा मुसलमान असेल, किंवा त्याला शपथेला हरकत असेल, तर त्यानं प्रतिज्ञा करायची असं ठरलं. आपल्या जुन्या कागदांत ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हा घोष सापडतो आणि आजही टंकलेखकाच्या बोटांना तो पाठ आहे, यात मला तरी नवल वाटत नाही. विधी आयोगाच्या 28व्या अहवालानंतर 1969चा कायदा आला आणि धर्माचा उल्लेख गळाला. आजचं पाचवं कलम एवढंच म्हणतं की साक्षीदार शपथेऐवजी प्रतिज्ञा करू शकतो. कारण द्यावं लागत नाही. नास्तिक आहे असं सांगावं लागत नाही. एखाद्या भाविकाला देवाचं नाव कोर्टकचेरीत ओढायचं नसेल, तर त्यालाही हाच पर्याय खुला आहे.

प्रत्यक्षात हे करायचं कसं? साक्षीच्या तारखेआधी आपल्याला बोलावणाऱ्या वकिलाला किंवा सरकारी वकिलाला एका वाक्यात सांगून ठेवा: मी प्रतिज्ञा करणार. पुकारा झाला की पिंजऱ्यात जा. कायद्याप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी न्यायालयांत शपथ किंवा प्रतिज्ञा पीठासीन अधिकाऱ्यानं, म्हणजे न्यायाधीशानं, स्वतः द्यायची असते. रूढी मात्र अशी पडली आहे की शिपाई किंवा कारकून ठरलेलं वाक्य भराभरा म्हणतो आणि साक्षीदार मागून पुटपुटतो. गडबड नेमकी इथे होते. ‘ईश्वरसाक्ष’ हा शब्द कानावर पडेपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. म्हणून त्यानं तोंड उघडायच्या आत, न्यायाधीशांकडे बघून म्हणायचं: ‘साहेब, मला प्रतिज्ञा करायची आहे.’ मॅडम असतील तर मॅडम. बस्स. देव आहे की नाही यावर भाषण नको. ती जागा त्यासाठी नाही आणि मागे तीस प्रकरणं खोळंबलेली असतात. मग वाक्य पूर्ण आणि स्पष्ट म्हणा: ‘मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की मी जे सांगेन ते सत्य, संपूर्ण सत्य असेल आणि सत्याखेरीज काही नसेल.’ बाई असेल तर ‘करते’.

जबानीच्या कागदावर सुरुवातीला ‘शपथेवर’ असं छापलेलं असतं. सही करताना तिथे ‘प्रतिज्ञेवर’ झालं आहे का ते पाहा आणि नसेल तर दुरुस्ती मागा. राहून गेलं तरी आभाळ कोसळत नाही. शपथ द्यायची राहिली, एकीऐवजी दुसरी दिली गेली किंवा तिच्या रीतीत काही चुकलं, तरी पुरावा बाद होत नाही आणि सत्य सांगायचं बंधनही ढिलं होत नाही, असं शपथ अधिनियमाचं सातवं कलम सांगतं. म्हणूनच घाईत ‘ईश्वरसाक्ष’ म्हणून गेलेल्या नास्तिकाची साक्ष पुरती वैध असते. मग एवढा आटापिटा कशाला, असं कुणी विचारेल. माझं मत असं: पिंजऱ्यातलं पहिलंच वाक्य खरं बोलण्याविषयीचं आहे. जो नाही असं आपण मानतो त्याला साक्षीला बोलावून ते सुरू करणं मला विचित्र वाटतं. ज्याला ही निव्वळ रीत वाटते त्यानं शपथ खुशाल घ्यावी, कायद्याची काही हरकत नाही.

मात्र दोन्हींना नकार देता येत नाही. ‘मी शपथही घेत नाही आणि प्रतिज्ञाही करत नाही, तसाच खरं बोलतो’ ही भूमिका ऐकायला बाणेदार आहे, पण न्याय संहितेच्या कलम 213 खाली तो गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उलटतपासात कधी कधी प्रश्न येतो: ‘तुम्ही देव मानत नाही ना? मग तुम्ही खरं बोलताय कशावरून?’ उत्तर लहान ठेवावं. ‘नाही मानत. मी प्रतिज्ञेवर सांगतो आहे.’ चिडलात तर समोरच्याचं काम झालं. विश्वासार्हतेवर घाव घालणारा असा प्रश्न विचारू द्यायचा की नाही हे न्यायालयानं ठरवायचं असतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 151 प्रमाणे. आपल्या वकिलानं तिथे उठून हरकत घ्यावी. साक्ष द्यायला कोण पात्र, हे सांगणाऱ्या कलम 124 मध्ये वय, आजार आणि प्रश्न समजण्याची कुवत आहे. श्रद्धा नाही. 1872च्या मूळ कायद्यातही नव्हती.

उलट बाजूचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते जास्त चालतं. साक्षीदाराला आपल्या समाजात बंधनकारक मानली जाणारी खास शपथ घ्यायची असेल तर न्यायालय परवानगी देऊ शकतं. अटी दोन. ती न्याय आणि सभ्यता यांना सोडून नसावी आणि तिचा परिणाम तिसऱ्या माणसावर होतो असं तिचं म्हणणं नसावं. या दुसऱ्या अटीत आईशपथ, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आणि गळ्याची शपथ सगळ्या बाद होतात! खोटं मी बोलणार आणि मरणार पोरगं, हा सौदा कायद्याला मान्य नाही. जुन्या 1873च्या कायद्यात आणखी एक चमत्कारिक सोय होती. ‘समोरच्यानं अमुक देवळात अमुक शपथ घेऊन सांगावं, मला मान्य’ असं एका पक्षानं म्हटलं आणि दुसरा तयार झाला, तर त्या शपथेवरचं म्हणणं निर्णायक पुरावा ठरे. न घेणाऱ्याचा नकार कारणासकट नोंदला जाई. देव न मानणाऱ्याची यात सरळ कोंडी व्हायची. आजच्या कायद्यात ही सोय नाही. तेव्हा तंट्यात कुणी ‘देवळात येऊन बोल’ म्हणालं आणि तुम्ही गेला नाहीत, तर त्यावरून कोर्टात तुमच्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही.

शपथ की प्रतिज्ञा यावर लोक फार वेळ घालवतात. खरे घोटाळे त्यानंतरच्या वाक्यात होतात. ‘सत्य’ म्हणजे इथे नक्की काय? खोट्या साक्षीच्या कलमात जोडलेलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अमुक माणूस अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता हे मला माहीत आहे, असं साक्षीदार सांगतो. प्रत्यक्षात त्याला त्याबद्दल काहीच माहीत नाही. ही खोटी साक्ष आहे, तो माणूस खरोखर तिथे असला तरी! कारण खोटं त्या माणसाबद्दल नाही, ‘मला माहीत आहे’ याबद्दल आहे. दुसरीकडे, सही अमक्याची आहे असं मला वाटतं, हे प्रामाणिक समजुतीनं सांगितलं आणि पुढे सही दुसऱ्याची निघाली, तर ती खोटी साक्ष नव्हे.

त्यामुळे पाहिलेलं, ऐकलेलं आणि ताडलेलं हे तीन कप्पे डोक्यात वेगळे ठेवावे लागतात. ‘गाडी भरधाव होती’ हे ताडलेलं. ‘ब्रेकचा आवाज ऐकला, वळून पाहिलं तेव्हा गाडी दुभाजकावर होती’ हे ऐकलेलं आणि पाहिलेलं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’. ही दोन उत्तरं एकच नाहीत आणि उलटतपासात त्यांच्यातल्या फरकावर बोट ठेवलं जातं. अंतर आणि वेळ सांगताना ‘अंदाजे’ हा शब्द वापरा आणि जबानीत तो उतरला आहे का ते सही करण्याआधी वाचा. ‘संपूर्ण सत्य’ म्हणजे न विचारलेलं सगळं ओतणं नव्हे. पण विचारलेल्याचा अर्धाच भाग सांगून दुसरा अर्धा गिळायचा, हेही नव्हे. उत्तरामुळे आपल्यावरच बालंट येण्याची भीती असेल तरी साक्षीदाराला उत्तर टाळता येत नाही. मात्र न्यायालयानं भाग पाडलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, एक अपवाद सोडून. ते उत्तर खोटं असेल तर खोट्या साक्षीचा खटला होऊ शकतो.

शपथेशिवाय सत्याचं बंधन कसं टिकतं, याचा सगळ्यात स्वच्छ दाखला लहान मुलांचा आहे. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नाही, पण खरं बोललं पाहिजे हे कळतं, असं न्यायालयाचं मत झालं तर शपथ दिली जात नाही. साक्ष तरीही ग्राह्य आणि खरं सांगण्याचं बंधनही कायम. सर्वोच्च न्यायालयानं 1951 साली ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य’ या निकालात हे जुन्या कायद्याखाली स्पष्ट केलं होतं: शपथ राहिली म्हणून साक्षीदाराची पात्रता जात नाही. पण मुलाला खरं बोलण्याचं कर्तव्य समजतं असं न्यायाधीशाला का वाटलं, ते त्यानं लिहून ठेवावं. पोलिसांपुढच्या जबाबाचंही तसंच. तिथे शपथ नसते, सहीही घ्यायची नसते, तरी प्रश्नांची खरी उत्तरं देणं बंधनकारक असतं, स्वतःला गुन्ह्यात गोवणारी सोडून. आणि आरोपीला न्यायालय स्वतः प्रश्न विचारतं तेव्हा त्याला शपथ देतच नाहीत. तो बचावाचा साक्षीदार म्हणून स्वतःहून उभा राहिला तरच ती येते.

आपल्या पर्यायात एक उणीव मात्र आहे. ‘शपथ की प्रतिज्ञा’ असं भर कोर्टात विचारलं की निवडीतून माणसाचं मन उघडं पडतं. ग्रीसमध्ये बायबलमधल्या शुभवर्तमानावर हात ठेवायचा नसेल तर साक्षीदाराला आपण ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती नाही हे सांगावं लागे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं 2010 साली दिमित्रास खटल्यात हे धर्मस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवलं. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत तर साक्षीदाराच्या श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा पुरावा त्याची विश्वासार्हता वाढवायला किंवा पाडायला वापरताच येत नाही. माझ्या मते सगळ्यांना एकच, ईश्वराविना प्रतिज्ञा ठेवावी आणि ज्याला देवाचं नाव घ्यायचं आहे त्यानं ते जोडून घ्यावं. आजचा क्रम उलटा आहे.

जाता जाता प्रतिज्ञापत्राबद्दल, कारण पिंजऱ्यात उभं राहायची वेळ थोड्यांवर येते आणि प्रतिज्ञापत्र जवळजवळ सगळ्यांना करावं लागतं. दिवाणी दाव्यात तर सरतपासच (आपल्या बाजूनं होणारी साक्षीदाराची पहिली तपासणी) बहुधा पुराव्याच्या प्रतिज्ञापत्रानं होतो. शपथ अधिनियमाचा चौथा नमुना प्रतिज्ञापत्राचाच आहे आणि त्यातही तीच तिरकी रेघ आहे. छापील मसुद्यात दोन्ही पर्याय असतील तर नको तो खोडा आणि खोडल्याजागी लहान सही करा. नोटरीसमोर बसण्याआधीच हे करावं, नंतरची खाडाखोड संशयाला जागा देते. शेवटच्या सत्यापनात ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ असं ढोबळ वाक्य छापलेलं असतं. ते तसंच सोडू नका. कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीतले, कोणते कागदपत्रांवरून आणि कोणते वकिलाच्या सल्ल्यावरून, ते क्रमांक घालून लिहा.